बोर्बा भवनाचा वरचा मजला

बापाचं नाव इमारतीला द्यायचं ठरलंय, ही बातमी उर्बानोनं जेवणं अर्ध्यावर आल्यावर सांगितली.

सकाळी सणाची मिरवणूक झाली होती. चर्चमधला चांदीचा मुकुट वाजतगाजत गावच्या हॉलमध्ये आला होता, आणि आल्यागेल्या सगळ्यांना सूप वाढून वाढून उर्बानोच्या बायकोचे, ग्रासाचे, दंड भरून आले होते. आता घरची माणसं मागच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसून उरलेलं सूप दुसऱ्यांदा खात होती. जाड पावावर ओतलेला गोमांसाचा रस्सा, वर पुदिना.

"मानुएल बोर्बा भवन," उर्बानो म्हणाला आणि थांबला. वीस वर्षं निवडणुका लढवल्यामुळे कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं. "पालो सेकोतली कॉलेजची नवी इमारत. दर्शनी भिंतीवर, ठळक अक्षरांत. मंगळवारी आमच्या कॉलेज-मंडळाच्या बैठकीत ठराव येतोय."

तीओ आन्सेल्मोंनी चमचा खाली ठेवला. सगळ्यांचे काका, मानुएलच्या भावंडांतले शेवटचे उरलेले, वय अठ्ठ्याऐंशी. "कुठला मानुएल?"

"तुमचाच, तीओ. तुमचा भाऊ. आमचा बाप."

म्हाताऱ्यानं हातरुमाल काढला आणि उघडपणे रडायला लागला. आपलं बेट सोडून दोघं भाऊ एकाच बोटीनं ह्या देशात आले होते. पालो सेकोच्या गोठ्यांत दोघांनी परक्यांच्या गाई पिळल्या होत्या, मग स्वतःच्या. ग्रासानं नवऱ्याच्या डोक्यावर ओठ टेकले. त्यांचा मुलगा टेल्मो टाळ्या वाजवायला लागला.

नातेर्सियानं वाटी बाजूला सारली आणि उर्बानोकडे बघितलं.

ती उर्बानोची थोरली बहीण. अल्मेंद्राच्या हायस्कुलात तीस वर्षं उपमुख्याध्यापिका. निम्मं गाव कधी ना कधी तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसलेलं. तिची ही नजर टेबलावरच्या प्रत्येकाच्या ओळखीची होती.

"कितवा विषय?" तिनं विचारलं.

"काय?"

"मंगळवारी. नावाचा ठराव कितव्या नंबरवर आहे?"

उर्बानोनं पाव तोडला. "तुझ्या अहवालाच्या आधी."

"लगेच आधी?"

"लगेच आधी."

तिच्या मुलीनं, लुसीलियानं, डोळे मिटून घेतले.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या इमारतींसाठी कर्जरोखे काढायला लोकांनी मतं दिली होती. ते कर्ज पुढची तीस वर्षं लोकांच्या घरपट्टीतून फिटायचं होतं, म्हणून कायद्यानं एक नागरिकांची समिती नेमावी लागली, पैसा कुठे जातो ते बघायला. नातेर्सिया तिची अध्यक्ष. समितीला चेक अडवता येत नव्हता, कुणाला घरी बसवता येत नव्हतं. बघायचं आणि जे बघितलं ते वर्षातून एकदा लोकांपुढे मोठ्यानं सांगायचं, एवढाच अधिकार. आणि यंदा सांगायचं हे होतं, की पालो सेकोला दोन मजले कबूल केले होते, एकच झाला. वरच्या मजल्यावर नर्सिंगचं शिक्षण होणार होतं. तो मजला 'पुढे ढकलला' आणि पैसा कॉलेजच्या अल्मेंद्रातल्या फुटबॉल स्टेडियमला गेला. पाहुण्यांसाठी वर काचेची खोली बांधणार आहेत म्हणे, थंड हवेची.

"ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," उर्बानो म्हणाला.

"मग एकीला एक खेटून का लावल्यात?"

"नातेर्सिया, तू फक्त एक वाक्य घाल. 'सर्व खर्च नियमांनुसार झाला आहे.' खोटं नाहीये. वकिलानं बघितलंय. मतपत्रिकेत क्रीडा सुविधाही होत्या."

"होत्या. शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत. भर ऑगस्टात मी पालो सेकोत दारं वाजवत फिरले, तेव्हा कुणाला क्रीडा म्हटलं मी? नर्सेस म्हटलं. तू माझ्या हातात पत्रकं दिलीस त्यांच्यावर नर्सचा फोटो होता, उर्बानो. बॉल नव्हता."

"आणि तुला त्या समितीवर घातलं कुणी?"

"तू सुचवलंस."

"का सुचवलं?"

ती उत्तर द्यायला गेली आणि अडखळली. हायस्कुलातली तीस वर्षं, तिचा दरारा, तिचा शब्द, असलं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं.

"कारण तिथे आपलं माणूस हवं होतं," उर्बानो म्हणाला. तो ओरडला नाही. त्यामुळे ते जास्तच लागलं.

ग्रासा सुपाचं पातेलं उचलायला उठली आणि उभीच राहिली. चाळीस वर्षं ती ह्या नणंदेला जेवायला वाढत होती, आणि चाळीस वर्षं प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आपली परीक्षा चाललीय. आज तिला खरोखर राग आला. म्हातारा माणूस आनंदानं रडत होता. ह्या बाईला एक दुपार सोडवत नाही?

"सणाचा दिवस आहे," ती म्हणाली. "एक दिवस, नातेर्सिया. उद्या भांडा."

"मी नाही सुरू केलं, ग्रासा. तुझ्या नवऱ्यानं माझ्या बापाचं नाव घेऊन माझ्या तोंडावर हात ठेवलाय, आणि तोही सूप खाता खाता."

"आई, प्लीज," लुसीलिया म्हणाली. ती पालो सेकोतच नर्सिंग शिकवायची. नोकरी अजून कायम झाली नव्हती. "माझी फाईल ह्याच मंडळापुढे आहे. ह्याच महिन्यात."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी घरभाड्याच्या बाजूची आहे."

टेल्मोला हसू आलं. आत्याकडे बघून ते त्यानं गिळलं.

तीओ आन्सेल्मोंनी ह्यातलं किती ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी नाक पुसलं, रुमालाची घडी केली आणि काठी शोधायला लागले. "चला."

"कुठे, तीओ?"

"बघायला. मानुएलचं घर."

"घर नाही, कॉलेज. आणि आज रविवार आहे. बंद असेल," उर्बानो घाईघाईनं म्हणाला. "ऊन बघा केवढं आहे. मंगळवारनंतर मी स्वतः नेतो, फीत कापायला."

"मंगळवारपर्यंत मी असेन ह्याची लेखी हमी देतोस? चल, गाडी काढ. लुसीलियाकडे किल्ली असेल."

लुसीलियाकडे किल्ली होती. ती नाही म्हणाली असती तर खपलं असतं. पण ती पर्स घ्यायला आत गेली.

*

टेल्मोनं गाडी इमारतीसमोर लावली, पण एंजिन चालूच ठेवलं. त्याला उतरायचं नव्हतं. ह्या जमिनीत काय आहे हे त्याच्याइतकं इथे कुणालाच माहीत नव्हतं, कारण पायाचं काँक्रीट त्याच्या कंपनीनं ओतलं होतं.

बदामाच्या बागा संपून नुसतं सपाट माळरान लागलं, की पालो सेको. इमारत नवीकोरी, पिवळसर रंगाची, समोर चार कोवळी झाडं. छपरातून लोखंडी सळ्यांचे झुबके वर आलेले, प्रत्येक सळीच्या टोकाला नारिंगी प्लास्टिकची टोपी.

तीओ आन्सेल्मो काठीवर रेलून वर बघत राहिले. सणाचा काळा कोट, गळ्यात टाय, घामानं कॉलर भिजलेली.

"हे काय आहे? केस कापायचे राहिलेत?"

"खांबांच्या सळ्या आहेत, तीओ," टेल्मो म्हणाला. "वर मजला चढवायचा म्हणून सोडल्यात."

"कधी चढवायचा?"

टेल्मोनं बापाकडे बघितलं. बाप झाडांकडे बघत होता.

आत फरशीचा आणि रंगाचा वास होता. पाच-सहा वर्गखोल्या, एक मोठं दालन, आणि दालनाच्या कोपऱ्यात लिफ्ट. तीओंना जिना चढवत नसे, म्हणून ते आपसूक तिकडे वळले आणि आत जाऊन उभे राहिले. दोन बटणं होती. वरच्यावर चिकटपट्टी लावलेली.

"कुठे जाते ही?"

"कुठेच नाही जात," नातेर्सिया म्हणाली.

"एवढी लिफ्ट बसवली आणि जात कुठेच नाही?"

"कंत्राटात होती, तीओ," टेल्मो म्हणाला. "आधीच मागवलेली."

म्हातारा लिफ्टमधून बाहेर आला. दोन्ही भिंती त्यानं काठीनं वाजवून बघितल्या, गाय विकत घेताना पाठ थोपटून बघावी तशा. "बांधकाम चांगलं आहे," तो म्हणाला. "लुसीलिया, तुझा वर्ग कुठला ह्यातला?"

लुसीलियानं किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला होता. मंगळवार पार पडेपर्यंत गप्प राहायचं, असं तिनं येतानाच ठरवलं होतं. पण हा माणूस तिला लहानपणी खांद्यावर घेऊन मिरवणुकीत नाचलेला, आणि तो काही डाव टाकून विचारत नव्हता. त्याला खरंच बघायचा होता तिचा वर्ग.

"इथे नाही, तीओ. मागे आहे."

मागे गाड्या लावायची जागा होती, आणि तिच्या टोकाला चाकांवरच्या दोन पत्र्याच्या खोल्या. लुसीलियानं कुलूप काढलं. आतून भट्टीसारखी हवा अंगावर आली. चार पलंग. त्यांवर गळ्यापर्यंत चादर ओढलेले सरावाचे रबरी रोगी, एकाचा हात वितळल्यासारखा वाकडा. कोपऱ्यात बादली.

"चोवीस जण आहेत वर्गात," लुसीलिया म्हणाली. "सहा-सहा जणांना आत घेते. बाकीचे बाहेर आपापल्या गाड्यांच्या सावलीत थांबतात. हवेचं यंत्र दुपारनंतर बंद पडतं. मे महिन्यात एक मुलगी चक्कर येऊन पडली. खरीच पडली. आणि बाकीच्यांना वाटलं, सराव चाललाय. तिच्याभोवती उभं राहून ते एकमेकांना विचारत होते, आता आधी काय करायचं."

नातेर्सिया पायरीवरच थांबली होती. "समिती पाहणीला आली होती तेव्हा ह्या खोल्यांना कुलूप होतं," ती म्हणाली. "मी विचारलं होतं. गोदाम आहे, म्हणून सांगितलं आम्हाला. मग कॉफी दिली, आणि त्या दालनात फोटो काढला."

"मला त्या दिवशी सुट्टी घ्यायला सांगितली होती," लुसीलिया म्हणाली.

"आणि तू मला काही बोलली नाहीस. वर्षभर."

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस."

"अर्थात लिहिलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं, आई."

नातेर्सिया वळली. उर्बानो उन्हात उभा होता, कोट काढून हातावर टाकलेला. "तुला हे माहीत होतं?"

"तात्पुरतं आहे ते."

"मी विचारलं, माहीत होतं का?"

"होतं!" आता तो ओरडला. "होतं माहीत! तुला काय वाटतं, मला झोप लागते? मंडळाच्या सात जणांत मी एक आहे. अल्मेंद्राच्या तिघांना पालो सेको नकाशावरसुद्धा नकोय. स्टेडियम दिलं नसतं तर त्यांनी हा खालचा मजलाही होऊ दिला नसता. मी अर्धी तरी इमारत आणली इथे! ह्या गावात पन्नास वर्षांत कुणी एक वीट आणली होती? तू आणली होतीस? तुम्ही नुसते अहवाल लिहिता. बघता आणि लिहिता."

त्याच्या बोलण्यात खरं होतं ते नातेर्सियाला कळलं, आणि त्यानं तिचा संताप आणखी चढला. "मग तसं सांग ना! उभा राहा आणि म्हण, मी भांडलो, मला अर्धीच मिळाली. लोक तुझे हात हातात घेतील. पण तू अर्ध्या इमारतीला पूर्ण म्हणून फीत कापतोयस. आजारी माणसाला हात कसा लावायचा हे शिकणाऱ्या पोरी पत्र्याच्या खोक्यात भाजतायत, आणि त्या खोक्याला तुम्ही मला गोदाम म्हणून सांगता. वर त्यावर बापाचं नाव! माझ्या बापाचं!"

"माझापण बाप होता तो."

"मग लाज वाटू दे."

ग्रासा एव्हाना आत गेली होती. तिनं एका रबरी रोग्याची घसरलेली चादर सारखी केली, का केली ते तिलाही सांगता आलं नसतं. हात बाहेर काढला तेव्हा तळवा घामानं निथळत होता. चाळीस वर्षांत आज पहिल्यांदाच नणंद बोलत होती आणि ग्रासाला तिला गप्प करावंसं वाटत नव्हतं.

"सही कुणाची लागते?" तीओ आन्सेल्मोंनी विचारलं.

"कसली?"

"नाव लावायला. घरच्यांची सही लागत असेल ना. सगळ्यालाच लागते ह्या देशात."

उर्बानोनं कपाळ पुसलं. "तुमची लागते, तीओ. वडीलधारे तुम्हीच."

"मग मी करत नाही."

"तीओ..."

"मला वाटलं होतं, मरायच्या आधी त्याचं नाव भिंतीवर वाचीन. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे ना? मीच वाचून दाखवायचो सगळं. दुधाच्या पावत्या, दवाखान्याच्या पाट्या." त्यांनी काठी छपराकडे रोखली. "इथे काय वाचून दाखवू त्याला? वरती सळ्या आहेत म्हणून? मजला चढव, उर्बानो. मग बोलाव मला. नसलो, तर ह्या पोरांना बोलाव."

ते गाडीकडे निघाले. नातेर्सिया टेल्मोजवळ येऊन उभी राहिली.

"पाया किती मजल्यांचा ओतलास?"

"दोन मजल्यांचा. तिसराही पेलेल."

"उठून बोलशील हे? मंगळवारी?"

"तीया," तो आत्याला म्हणाला, "स्टेडियमच्या पायऱ्यांचं काँक्रीट माझ्याकडे आहे. बारा माणसं आहेत माझी."

"माहितेय. माझ्या अहवालाचं पहिलंच वाक्य असणार आहे, की पायाचं काम माझ्या भाच्यानं केलंय. लोकांनी मला खुशाल विचारावं काय विचारायचं ते. तुझं तू ठरव."

*

मंगळवारी संध्याकाळी सभागृह भरलेलं बघून उर्बानो दारातच थबकला. एरवी इथे चार म्हातारे आणि एक वार्ताहर असायचा. आज भिंतीला टेकून माणसं उभी होती, थेट शेतातून आलेली, मातीच्या बुटांनी. बायका होत्या, कडेवर पोरं. पालो सेको सगळं आलं होतं. कुणी बोलावलं? नातेर्सियाकडे ह्या माणसांचे फोन नव्हते. मग त्यानं ग्रासाला बघितलं. ती तिसऱ्या रांगेत होती, आणि हॉलमध्ये तिच्याबरोबर सूप वाढणाऱ्या सगळ्या बायका तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. ग्रासानं त्याच्याकडे बघून नजर हलवली नाही.

नावाचा ठराव कुटुंबाच्या विनंतीवरून मागे घेतला, असं मंडळाच्या अध्यक्षबाईंनी वाचलं आणि घाईनं पुढे गेल्या.

नातेर्सिया उभी राहिली. शाळेत प्रार्थनेनंतर बोलायची तशीच बोलली, एकदाही आवाज न चढवता. पहिलं वाक्य भाच्याचं. मग दोन मजले, एक मजला, काचेची खोली, पत्र्याची खोली. "आम्हाला गोदाम म्हणून सांगण्यात आलं," ती म्हणाली, आणि मागून कुणीतरी स्पॅनिशमध्ये शिवी दिली. अध्यक्षबाईंनी वेळ संपल्याची घंटी वाजवली. नातेर्सियानं त्यांच्याकडे फक्त बघितलं. अध्यक्षबाईसुद्धा एके काळी त्या बाकावर बसल्या होत्या. घंटी दुसऱ्यांदा वाजली नाही.

"सर्व खर्च नियमांनुसार झाला, असं मला लिहायला सांगितलं होतं," तिनं शेवटी सांगितलं. "असेलही झाला. नियमांनुसार तुम्ही ह्या लोकांना फसवलंत."

लुसीलिया मागे भिंतीपाशी उभी होती, कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात मुद्दाम बाहेर काढलेलं. ती बोलली नाही. पण तिचे विद्यार्थी बोलले, एकामागून एक, आणि तिनं त्यांच्यावरून नजर काढली नाही. सगळ्यात शेवटी टेल्मो माईकपाशी आला. "पाया दोन मजल्यांचा आहे. मी ओतलाय," एवढंच म्हणाला, आणि बापाकडे न बघता खाली बसला.

मग स्टेडियमच्या पुढच्या टप्प्याचा विषय आला. काचेची खोली, दिवे, पायऱ्या. हा पैसा नाकारला तर पालो सेकोकडे वळवता येत होता. नावं पुकारली गेली. तीन हो, तीन नाही. राहिला उर्बानो.

त्याला माहीत होतं, हो म्हटलं तर अल्मेंद्राचे तिघं पुढच्या कर्जरोख्यात वरचा मजला देतील. तसा शब्द होता. तसाच शब्द मागच्या वेळीही होता. पण वीस वर्षं तो ह्याच शब्दांवर चालत आला होता. त्यांच्याशिवाय त्याच्याकडे दुसरं काय होतं? आज एकदा नाही म्हटलं, तर इथून पुढे त्याच्याशी कुणी सौदा करणार नव्हतं. त्याला वाटलं, बहिणीला एवढं कसं कळत नाही. मग वाटलं, तिला कळतंय. त्याचाच तर तिला राग चढलाय.

"हो," उर्बानो म्हणाला.

आरडाओरडा झाला. त्या गलक्यात तीओ आन्सेल्मो काठी टेकून उठले आणि मधल्या वाटेनं चालायला लागले. टेल्मोनं त्यांचा हात धरला. मग लुसीलिया गेली. मग ग्रासा उठली, पर्स खांद्याला लावली, आणि तीही गेली.

बैठक संपवून उर्बानो बाहेर आला तेव्हा ऊन कलतं होतं. त्याची गाडी नव्हती. किल्ली ग्रासाकडे असायची. दोन माणसं त्याच्या अंगावरून काही न बोलता निघून गेली. तिसरा त्याच्या बुटाजवळ थुंकला.

नातेर्सियाची गाडी त्याच्यापुढे येऊन थांबली. तिनं वाकून पलीकडचं दार उघडलं.

"बस."

तो बसला. गाडी गावाबाहेर पडली.

"समितीचा राजीनामा दिला मी आत्ता," ती म्हणाली. "नोव्हेंबरात तुझी जागा निवडणुकीला येते. मी उभी राहतेय."

"माझ्याविरुद्ध?"

"जागा तुझी आहे म्हटल्यावर तुझ्याविरुद्धच."

"पाडशील मला."

"हो."

"मग घरी कशाला सोडतेस?"

"बारा मैल आहे. तुला चालवणार आहे का?" तिनं आरशात बघून गाडी रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात घेतली. "आणि सीटचा पट्टा लाव. कधीपासून वाजतोय."

त्यानं पट्टा लावला.